तारण

आमच्या बाजारपेठेत एका पतसंस्थेची पाटी आहे : सोनेतारण कर्ज. त्याच रस्त्यानं थोडं पुढे गेलं की एका लहानशा चर्चच्या कमानीवर येशूला ‘तारणारा’ म्हटलेलं दिसतं. कित्येक वर्षं या दोन्ही पाट्या मी एकाच फेरीत वाचत आलो, पण दोन्हीकडे शब्द एकच आहे हे काही ध्यानात आलं नव्हतं. एकीकडे तारण म्हणजे कर्ज फिटेपर्यंत परक्या तिजोरीत अडकून पडलेल्या पाटल्या. दुसरीकडे तारण म्हणजे बुडत्याला गवसलेला काठ. पहिल्या अर्थात रोकडा हिशेब आहे, दुसऱ्यात हिशेब विसरणारी माया. न्याय आणि कृपा यांचं एकमेकांशी पटत नाही, अशी आपली साधारण समजूत असते. न्याय म्हणजे देणं वसूल होणं, कृपा म्हणजे देणं माफ होणं. मग हे दोघं एका शब्दात नांदतात कसे?

हे मला थोडंफार उमगलं ते बायबलच्या पहिल्याच पुस्तकातल्या, ‘उत्पत्ती’तल्या, एका गोष्टीमुळे. ही गोष्ट जगात योसेफाची म्हणून प्रसिद्ध आहे. भावांनी विकलेला मुलगा इजिप्तचा कारभारी होतो आणि दुष्काळात त्याच भावांना धान्य देतो. टॉलस्टॉयनं ‘कला म्हणजे काय?’ या पुस्तकात कुठल्याही देशातल्या कुठल्याही माणसाला भिडेल अशा कलेचा दाखला म्हणून हीच कथा दिली. पण मला या कथेत पुन्हा पुन्हा ओढून नेतो तो योसेफ नव्हे. त्याला विकायची कल्पना ज्याच्या डोक्यातून निघाली, तो त्याचा भाऊ यहूदा.

योसेफाची कथा सदतिसाव्या अध्यायात सुरू होते आणि पन्नासाव्या अध्यायाशी पुस्तकासकट संपते. मधला अडतिसावा अध्याय मात्र भलतीकडेच जातो. योसेफाला घेऊन तांडा इजिप्तच्या वाटेला लागला आहे, वाचकाचा जीव टांगणीला लागला आहे आणि निवेदक त्याला तिथेच सोडून यहूदाच्या घरगुती भानगडीत शिरतो. हे ठिगळ इथे का लागलं, असा प्रश्न अनेक अभ्यासकांना पडला. पण कापड जवळून पाहिलं तर ठिगळाचा आणि अंगाचा धागा एकच असल्याचं दिसतं. प्राचीन ज्यू पंडितांनी तो हेरला होता. रॉबर्ट ऑल्टर या समीक्षकानं १९८१ साली बायबलच्या कथनकलेवर लिहिलेल्या पुस्तकात तो नव्यानं उलगडून दाखवला. हा धागा म्हणजे एक क्रियापद, ओळखणं. त्याच्या जोडीला दुसराही एक शब्द या कथेत फिरतो, गहाणाचा. या दोन शब्दांचा पीळ मराठीत फार छान बसतो.

पहिला प्रसंग दोथानच्या माळावरचा. याकोबाला चार स्त्रियांपासून बारा मुलगे, पण मन गुंतलं होतं एकाच स्त्रीत, राहेलीत. ती गेल्यावर तिच्या दोन मुलांवर, त्यातही योसेफावर, म्हाताऱ्याचा जीव जडला. यहूदा लेआचा मुलगा, म्हणजे सासऱ्यानं फसवून गळ्यात बांधलेल्या पहिल्या बायकोचा. बापाच्या घरात आपण कितव्या पंगतीचे आहोत, हे त्याला लहानपणापासून ठाऊक. सतरा वर्षांचा योसेफ बापानं दिलेला खास झगा मिरवत रानात येतो. भाऊ झगा उतरवून घेतात, त्याला कोरड्या हौदात टाकतात आणि भाकरी खायला बसतात.

निवेदक एवढंच सांगतो. हौदातून काही आवाज आला का, कुणाच्या घशात घास अडकला का, यातलं अवाक्षर नाही. एरिक आउअरबाखनं ‘मिमेसिस’ या ग्रंथात म्हटलं आहे ते असं : होमर सगळं उजेडात आणून ठेवतो, तर हिब्रू कथाकार बरंच काही अंधारात ठेवतो आणि तो अंधारच कथेला वजन देतो. भाकरीचा हा प्रसंग त्याचा नमुना आहे. इथली गप्प बसलेली गोष्ट पुढे वीसेक वर्षांनी बोलू लागणार आहे.

तेवढ्यात गिलादहून डिंक आणि सुगंधी द्रव्यं घेऊन इजिप्तला निघालेला तांडा दिसतो आणि यहूदा तोंड उघडतो. याला मारून आपल्या पदरात काय पडणार, असं तो विचारतो. त्यापेक्षा विकू या, शेवटी आपला भाऊच आहे. एकाच श्वासात नफा आणि नातं! त्याचा तर्क चोख आहे, आणि चोख आहे म्हणूनच अंगावर येतो. वीस रुपयांना सौदा ठरतो. रुपये म्हणजे इथे खरोखरच रुपं, चांदी.

आता बापाला काय सांगायचं? ते एक करडू मारतात, झगा रक्तात बुडवतात आणि बापाकडे धाडतात. मुलगा मेला असं कुणी म्हणत नाही. हा तुमच्या मुलाचाच झगा आहे का, जरा ओळखून पाहा, एवढंच विचारतात. ‘आमच्या भावाचा’ नाही, ‘तुमच्या मुलाचा’. बाप ओळखतो, आणि उरलेलं खोटं स्वतःच रचून पुरं करतो. हिंस्र पशूनं खाल्लं, योसेफाच्या चिंधड्या झाल्या. कपडे फाडून शोक करत बसलेल्या त्या म्हाताऱ्याचं सांत्वन करायला तीच मुलं पुढे होतात.

निवेदक आठवण करून देत नाही, पण आधीचे अध्याय वाचलेल्याला विसरता येत नाही. याच याकोबानं तरुणपणी थोरल्या भावाचे कपडे घालून, हातांना करडाची कातडी गुंडाळून आपल्या आंधळ्या बापाला फसवलं होतं. तेच करडू, तोच कपडा. पेरलेलं उगवलं, असं आपण म्हणू. पण कथेला त्या म्हणीपुढे जायचं आहे.

आता तो ठिगळाचा अध्याय. यहूदा भावांपासून दूर जाऊन घर करतो. त्याला तीन मुलगे होतात. थोरल्याचं लग्न तामार नावाच्या मुलीशी होतं. थोरला मरतो. निपुत्रिक भावाच्या विधवेशी दिरानं लग्न करावं आणि होणारा मुलगा मेलेल्याच्या नावानं वाढवावा, असा त्यांचा रिवाज. त्याप्रमाणे ती दुसऱ्याला, ओनानला, दिली जाते. ओनान तिचं शरीर घेतो पण वारस होऊ देत नाही. तोही मरतो. यहूदाच्या मनात येतं ते आपल्याकडच्या कुठल्याही सासरी आलं असतं : ही बाई पांढऱ्या पायाची! तिसरा मुलगा शेला लहान आहे, तो मोठा होईपर्यंत माहेरी जाऊन राहा, असं सांगून तो तिची बोळवण करतो. शेलाला तिच्या वाऱ्याला उभं करायचं नाही, हे त्यानं मनोमन ठरवलेलं आहे.

ना सासरची ना माहेरची अशी लटकलेली विधवा. मराठी वाचकाला हे चित्र परकं नाही. विधवांसाठी १८८९ साली मुंबईत शारदासदन काढणाऱ्या आणि स्वतः विधवा असलेल्या पंडिता रमाबाईंनी पुढे केडगावच्या मुक्तिसदनात मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून संपूर्ण बायबल मराठीत आणलं. १९२२ साली त्या गेल्या आणि १९२४ साली भाषांतर प्रसिद्ध झालं. तामारेचा अध्याय त्यांच्या लेखणीखालून गेला तेव्हा मुक्तिसदनाच्या अंगणात अशा कितीतरी तामारी वावरत होत्या.

वर्षं जातात. शेला मोठा होतो, बोलावणं येत नाही. यहूदाची बायको वारते. सुतकाचे दिवस सरल्यावर तो मेंढरांची लोकर कातरायला तिम्नाकडे निघतो. तामारेला बातमी लागते. ती वैधव्याची वस्त्रं उतरवते, बुरखा घेते आणि एनाईमच्या वेशीशी जाऊन बसते. या गावाच्या नावात हिब्रू ‘डोळे’ आहेत. डोळ्यांच्या वेशीवर बसलेली सून सासऱ्याच्या डोळ्यांना दिसत नाही. तो तिला वेश्या समजतो आणि सौदा करायला लागतो. किंमत? कळपातलं एक करडू. पुन्हा करडू! पण ते बरोबर नाही, नंतर पाठवतो म्हणतो. मग तोवर काहीतरी गहाण ठेव, असं ती म्हणते. इथे हिब्रू शब्द येतो ‘एरावोन’. काय ठेवू? तिनं ठरवूनच ठेवलं आहे : तुझी मुद्रा, तिचा गोफ आणि हातातली काठी.

मुद्रा म्हणजे त्या काळची सही. ओल्या मातीवर तिचा ठसा उमटला की व्यवहार पक्का. काठी ही माणसाच्या अधिकाराची खूण. एका करडाच्या बदल्यात यहूदा स्वतःची सहीच गहाण टाकून जातो. कुणाजवळ ठेवली हेही त्याला माहीत नाही. पुढे मित्राच्या हाती करडू पाठवतो तेव्हा ती बाई तिथे नसते. अशी कुणी बाई इथे नव्हतीच, असं लोक सांगतात. यहूदा म्हणतो, राहू दे, आणखी शोधत बसलो तर आपलं हसं होईल. त्याला भीती हशाची आहे. केल्या गोष्टीची टोचणी अजून लागायची आहे.

तीन महिने उलटतात. सून गरोदर असल्याची वार्ता येते. यहूदा तत्क्षणी निकाल देतो : बाहेर काढून तिला जाळून टाका. हिब्रूत हे फक्त दोन शब्द आहेत. जिचा हक्क द्यायला त्याला वर्षानुवर्षं सवड झाली नाही, तिची शिक्षा दोन शब्दांत उरकते. तिचा साथीदार कोण, हा प्रश्न न्यायाधीशाला सुचतही नाही. न्यायाच्या आसनावर बसलेल्या पुरुषाचं इतकं नेमकं चित्र इतक्या कमी रेषांत मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

तिला बाहेर काढतात. आणि आता या अध्यायाचा कळस. तामार ओरडत नाही, शिव्याशाप देत नाही, चारचौघांत नाव घेत नाही. ती सासऱ्याकडे तीन वस्तू पाठवते आणि निरोप देते : या ज्याच्या आहेत त्याच्यापासून मी गरोदर आहे. मुद्रा, गोफ, काठी कुणाची, जरा ओळखून पाहा. हिब्रूत हे शब्द तेच आहेत, रक्ताळलेल्या झग्याबरोबर बापाकडे गेलेले. तेच आर्जव, तीच ढब. फरक इतकाच की झगा खोटं सांगायला पाठवला होता, मुद्रा खरं सांगायला आली आहे.

इथे थोडं थांबायला हवं. तिच्या हातात पक्का पुरावा आहे, जीव धोक्यात आहे, तरी ती आरोप उच्चारायचं काम आरोपीवरच सोपवते. यहूदानं त्या वस्तू मुकाट्यानं बाजूला ठेवल्या असत्या तर? दोन शब्दांचा हुकूम सुटलेलाच होता. तालमूदमधले पंडित यावरून धडा काढतात की चारचौघांत दुसऱ्याची मान खाली घालायला लावण्यापेक्षा माणसानं स्वतः आगीत उडी घेतलेली बरी. तामारेच्या वागण्यातला कृपेचा भाग मला इथे दिसतो. ती त्याला सोडून देत नाही, पण कोंडीतही पकडत नाही. सत्य पुढ्यात ठेवते आणि त्याला माणूस होण्याइतकी जागा देते.

आणि यहूदा ओळखतो. ती बरोबर आहे आणि मी चूक, अशी कबुली तो देतो. त्यासाठी वापरतो तो शब्द हिब्रूत न्याय आणि नीती या अर्थांच्या धातूतूनच आलेला आहे. त्याची कबुली मोघमही नाही. माझं पाऊल घसरलं, दिवस वाईट होते, असल्या पळवाटा नाहीत. शेलाशी तिचं लग्न लावून दिलं नाही, हे नेमकं कलम तो स्वतःवर लावतो. वेशीवरच्या प्रसंगापेक्षा ती बोळवण मोठा अपराध होता, हे त्याला पहिल्या झटक्यात कळलेलं असतं.

खूण पाहून ओळखणं म्हटलं की आपल्याला शाकुंतल आठवतं. तिथेही मुद्रिका आहे, गरोदर स्त्री आहे, तिला नाकारणारा सत्ताधीश आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली ते मराठी रंगभूमीवर आणल्यापासून ही अंगठी आपल्या घरचीच झाली आहे. पण कालिदासानं दुष्यंताला दुर्वासांच्या शापाचा आडोसा दिला. राजा विसरला, त्यात त्याचा दोष नव्हता. अंगठी सापडताच शाप सुटतो आणि राजा निर्मळ उरतो. उत्पत्तीच्या निवेदकाजवळ यहूदासाठी दुर्वास नाही. मुद्रा हाती येते तेव्हा शाप सुटत नाही, माणूस सापडतो. शाकुंतलातला करुण रस मला प्रिय आहे, पण इथला उघडेपणा अधिक झोंबतो.

तामारेला जुळं होतं. त्यातल्या एकाचं नाव पेरेस. ते नाव लक्षात ठेवायचं.

मग कथा योसेफाकडे परतते. इजिप्तमध्ये आणखी एक कपडा खोटी साक्ष देतो. त्याच्या धन्याची, पोटीफरची, बायको त्याचं वस्त्र हातात धरून आळ घेते आणि तो तुरुंगात जातो. स्वप्नांचे अर्थ सांगण्याचं कसब त्याला बाहेर काढतं आणि तिसाव्या वर्षी तो फारोचा मुख्य कारभारी होतो. सुकाळाची सात वर्षं कोठारं भरण्यात जातात, मग दुष्काळ लागतो. कनानमध्ये याकोबाचं घर उपाशी पडतं आणि दहा भाऊ धान्य घ्यायला येतात. बन्यामीन, राहेलीचा धाकटा, बापाजवळ आहे. योसेफ भावांना ओळखतो, भाऊ त्याला ओळखत नाहीत. पुन्हा तेच क्रियापद, आता दुधारी.

तो त्यांना हेर ठरवतो, तीन दिवस कोंडतो. त्या अडचणीत भाऊ आपसात बोलतात, आणि हौदाजवळची ती गप्प बसलेली गोष्ट आता बोलू लागते. तो आपल्यापाशी गयावया करत होता, त्याच्या जिवाची तगमग आपण पाहत होतो आणि ऐकलं नाही, असं ते म्हणतात. म्हणजे हौदातून आवाज आला होता! भाकरीचा घास मोडताना तो कानांवर पडत होता. निवेदकानं तो आपल्यापासून पाच अध्याय दडवून ठेवला आणि ज्यांनी ऐकला नव्हता त्यांच्याच तोंडून ऐकवला. मध्ये दुभाषा असल्यानं या साहेबाला आपलं बोलणं कळत नाही, असा त्यांचा समज. साहेब तोंड फिरवून रडून येतो.

भावांपैकी शिमोनाला ओलीस ठेवून, पुढच्या खेपेला बन्यामिनाला आणाच असं बजावून योसेफ त्यांना परत पाठवतो. घरी याकोब हटून बसतो. थोरला भाऊ रऊबेन म्हणतो, बन्यामिनाला परत आणलं नाही तर माझे दोन मुलगे मारून टाका. नातवंडं मारून आजोबाचं दुःख कसं हलकं होणार? दुसऱ्याचा जीव तारण ठेवणारं हे आश्वासन म्हातारा झिडकारतो. धान्य संपतं. मग यहूदा पुढे येतो. तो कुणाच्या मुलाची भाषा करत नाही. मी स्वतः त्याला जामीन राहतो, माझ्या हातून त्याचा जाब घ्या, म्हणतो. ‘जामीन राहणं’ याला हिब्रूत इथे जे क्रियापद आहे, ते ‘एरावोन’च्याच मुळातलं.

एनाईमच्या वेशीवर यहूदानं मुद्रा आणि काठी गहाण ठेवली होती. आता तो स्वतःला ठेवतो. मधे काय घडलं, त्याच्या मनात काय उलथापालथ झाली, निवेदक सांगत नाही. आपण एवढंच पाहतो की दोन मुलं गमावलेला आणि तिसऱ्याला जपताना दुसऱ्याच्या लेकीचं आयुष्य कुजवलेला हा माणूस आता दुसऱ्या बापाच्या भीतीची भाषा समजू लागला आहे. याकोब हो म्हणतो.

इजिप्तमध्ये योसेफ अखेरचा डाव टाकतो. बन्यामिनाच्या गोणीत आपला चांदीचा प्याला लपवून ठेवायला लावतो. भाऊ वाटेत पकडले जातात. निवाडा असा : प्याला ज्याच्याकडे सापडला तो माझा गुलाम, बाकीच्यांनी सुखानं घरी जावं. हा डाव क्रूर आहे हे लपवण्यात अर्थ नाही. त्यात सूडही मिसळलेला असेल. पण त्याची आखणी पाहा. पुन्हा राहेलीचा मुलगा. पुन्हा बापाचा लाडका. पुन्हा इजिप्तची गुलामी. पुन्हा बाकीच्यांना मोकळी वाट, आणि तीही भरल्या गोण्यांसह. दोथानचा माळ त्यानं हुबेहूब मांडला आहे. बाराव्या शतकातला ज्यू तत्त्वज्ञ मायमोनिडीस खऱ्या पश्चात्तापाची कसोटी सांगतो ती हीच : पाप करण्याची तीच संधी तशीच पुन्हा समोर यावी, अंगात बळ असावं, आणि तरीही माणसानं ते करू नये.

यहूदा जवळ येतो आणि बोलतो. उत्पत्तीत एखाद्या माणसाच्या तोंडी असलेल्या लांब भाषणांपैकी हे एक. त्यात युक्तिवाद म्हणावा असा नाहीच. बन्यामीन निर्दोष आहे, प्याला कुणीतरी मुद्दाम ठेवला, असलं काही तो म्हणत नाही. तो फक्त घरची हकिकत सांगतो, आणि प्रत्येक वळणावर बाप येतो. बापाचं वय, बापाची भीती, बापाचा जीव त्या पोराच्या जिवात कसा गुंतला आहे. सांगता सांगता तो बापाचं एक बोलणं जसंच्या तसं पुढे ठेवतो : माझ्या बायकोला दोनच मुलगे झाले. माझ्या बायकोला! म्हणजे राहेलीला. लेआ त्या मोजदादीत नाही, तिचे सहा मुलगे नाहीत, आणि हे सांगणारा त्या सहांतलाच एक आहे. ज्या दुखऱ्या नसेपायी बावीस वर्षांपूर्वी त्यांनी भाऊ विकला, ती नस तो आता स्वतःच्या हातानं उघडी करतो, आणि त्यात कडूपणाचा थेंब नाही. बापाचं प्रेम पक्षपाती आहे, ते बदलणार नाही, आणि तरीही ते वाचवायला हवं, एवढंच त्याला कळतं. शेवटी तो म्हणतो, या पोराच्या जागी मला गुलाम ठेवून घ्या. बापावर कोसळणारं दुःख माझ्यानं पाहवणार नाही.

रक्ताळलेला झगा पाठवून त्यानं ते एकदा पाहिलं होतं.

योसेफाला आता आवरत नाही. सगळ्या चाकरांना बाहेर काढून तो असा हंबरडा फोडतो की बाहेरच्यांनाही ऐकू जातं. मग दुभाष्याशिवाय आपलं नाव सांगतो आणि पहिला प्रश्न बापाचा विचारतो. कथेतली शेवटची मोठी ओळख ही, आणि तिच्यासाठी मुद्रा लागत नाही, झगा लागत नाही. ज्या क्षणी यहूदानं स्वतःला तारण म्हणून पुढे केलं, त्या क्षणी त्याचं तारण झालं. बाजारपेठेतल्या दोन पाट्यांवरचा शब्द इथे एक होतो.

पण कथा इतक्या गोड शेवटावर थांबत नाही, हा तिचा खरेपणा. सतरा वर्षांनी बाप मरतो आणि भावांच्या पोटात पुन्हा गोळा उठतो. आता हा उट्टं काढणार! बापाच्या नावानं क्षमेचा निरोप ते त्याच्याकडे पाठवतात. तो ऐकून योसेफ पुन्हा रडतो. तुम्ही वाईट योजलं, देवानं त्यातून भलं घडवलं, अशी समजूत तो घालतो. वाईटाला चांगलं म्हणायचं मात्र नाकारतो. क्षमा एकदा देऊन चालत नाही, घेणाऱ्याला ती पुन्हा पुन्हा द्यावी लागते, हे या छोट्या प्रसंगात आलं आहे.

आता ती पेरेसची खूणगाठ. नव्या कराराचं पहिलं पान, मत्तयानं लिहिलेली येशूची वंशावळ, वाचक बहुधा नावांचा रखरखाट म्हणून ओलांडून जातो. तिथे थांबलं तर दोन गोष्टी दिसतात. बापाचा लाडका, सच्छील, स्वप्नवेत्ता योसेफ त्या वंशात नाही, यहूदा आहे. आणि सारा, रिबका, राहेल या मान्यवर माउल्यांची नावं नाहीत, तामारेचं आहे. पेरेस हा तिच्यापासून झाला, असं मत्तय मुद्दाम नोंदवतो. तिच्यानंतर राहाब, रूथ आणि नाव न घेता उरीयाची बायको येते. लपवायची गोष्ट त्यानं पहिल्या पानावर ठेवली.

गहाणाचा तो शब्दही नव्या करारात पोचतो. ‘एरावोन’ हा सेमिटिक व्यापाऱ्यांचा शब्द ग्रीकांनी ‘अर्राबोन’ म्हणून उचलला. देवाचा आत्मा माणसाला मिळतो तो पुढच्या साऱ्या देण्याचा आगाऊ भाग म्हणून, हे सांगताना पौल हाच शब्द वापरतो. मराठी बायबलनं त्यासाठी शब्द निवडला तो ‘विसार’. बैलबाजारात, जमिनीच्या व्यवहारात हातावर टेकवतात तो विसार. आजच्या ग्रीकमध्ये त्याच शब्दाचं रूप साखरपुड्यासाठी वापरतात. गहाण, विसार, वाङ्निश्चय : एकच शब्द हिशेबाकडून नात्याकडे चालत गेलेला.

आणि एक सावलीही आहे. शुभवर्तमानात दुसरा एक यहूदा भेटतो. त्यानं तीस नाण्यांना गुरू विकला. त्यालाही आपलं कृत्य ओळखता आलं. तो नाणी परत घेऊन मंदिरात गेला, निर्दोष माणसाला धरून दिल्याची कबुली दिली. तिथल्या याजकांनी त्याला सांगितलं की त्याच्याशी आमचा काय संबंध, तुझं तू बघ. नाणी फेकून तो गेला आणि त्यानं गळफास लावून घेतला. दोघांचं नाव एक, दोघांची ओळख खरी. पहिल्याला ती तामारेच्या हातून मिळाली, दुसऱ्यासमोर तामार नव्हती. आपण कोण आहोत हे कळणं माणसाला पेलत नाही, जर ते कळल्यावर उभं राहायला कुणी वीतभर जागा दिली नाही तर. न्यायाला कृपेची गरज पडते ती इथे. आणि मुद्रा हातात नसती तर तामारेच्या कृपेला कुणी विचारलं असतं? तिथे कृपेलाही न्यायाचा आधार लागतो.

यहूदानं कबूल केलेलं ते करडू तामारेला कधीच मिळालं नाही. मित्र ते घेऊन वेशीपर्यंत गेला आणि तसाच परतला. तिनं मुद्रा, गोफ आणि काठी परत केली, पण व्यवहाराच्या भाषेत देणं राहिलंच. पुढे इजिप्तच्या दरबारात यहूदा परक्या साहेबापुढे स्वतःला ठेवायला उभा राहिला तेव्हा तामार तिथे नव्हती. जुळ्या मुलांना घेऊन ती कुठे असेल, हे निवेदक सांगत नाही. त्या दरबारात तिचं नावही कुणी घेतलं नाही. पण गहाण म्हणजे काय असतं, ते यहूदाला तिनंच शिकवलं होतं.